सातबाऱ्यावर राहिलेले नाव

भाद्रपद वद्य चतुर्दशीला आमच्याकडे घातचतुर्दशी म्हणतात. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचे श्राद्ध त्या दिवशी करण्याची रीत आहे, मग मृत्यूची तिथी कोणतीही असो. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या असते आणि ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांचे पान त्या दिवशी वाढले जाते. पंचांगाने अशी बरीच सोय करून ठेवलेली आहे, पण या दोन्ही दिवसांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे माणूस गेला आहे. जो गेला की आहे हेच कळलेले नाही, त्याच्यासाठी पंचांगात दिवस नाही. बौद्ध घरांत श्राद्ध करत नाहीत, तरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तारीख लागतेच. आणि विदर्भातून महार रेजिमेंटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या माणसे गेलेली बौद्ध घरे पुष्कळ असल्यामुळे हा प्रश्न कोणा एका धर्माच्या कर्मकांडापुरता राहत नाही.

हे लिहायला निमित्त झाले ते आमच्या गावच्या शिलाफलकाचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘माझी माती, माझा देश’ हे अभियान देशभर राबवले गेले आणि गावोगावच्या ग्रामपंचायतींनी स्थानिक वीरांची नावे कोरलेले शिलाफलक उभारले. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावातही शाळेच्या आवारात असा फलक उभा राहिला. नावांची यादी करताना १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या आमच्या गावच्या एका जवानाचा विषय निघाला. यादी स्वातंत्र्यसैनिकांची आणि शहिदांची होती आणि हा माणूस दोन्हींत बसत नव्हता. कोणी म्हणाले, शहीद झाल्याचा कागद आणा. कोणी म्हणाले, घरच्यांनीच सुतक धरलेले नाही, तर दगडावर नाव कोरणारे आपण कोण? विरोध असा कोणी केला नाही. पण काम तारखेच्या आत उरकायचे होते, गावकऱ्यांना पेरलेल्या रानात पोहोचायचे होते, आणि नाव राहून गेले. ते नाव त्या दगडावर असायला हवे होते आणि ‘शहीद’ या शब्दाची वाट न पाहता असायला हवे होते, एवढेच मला म्हणायचे आहे. पण त्यासाठी आधी बेपत्ता म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगावे लागेल.

आळीतली आम्ही पोरे त्यांना दादा म्हणत असू. ते पायदळात होते. सुटी संपली की शकुंतलेने जात. त्या काळी यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी वाफेच्या इंजिनावर चालत असे आणि तिचे दारव्हा-मोतीबाग स्टेशन आम्हाला जगाचा दरवाजा वाटे. मूर्तिजापूरला ते मोठी गाडी धरत आणि तिथून पुढे ते कुठे जातात हे गावात कोणालाच नीट सांगता येत नसे, कारण त्यांच्या पत्रावर ठिकाणाचे नाव कधीच नसायचे. नाव, क्रमांक, पलटण आणि शेवटी ‘५६ एपीओ’. पलटणीचा ठावठिकाणा बाहेर फुटू नये म्हणून सैन्यातल्या टपालाला गावाऐवजी असा आकडा देतात, हे मला पुढे कळले. त्यामुळे जी गोष्ट शत्रूपासून लपवायची ती जन्मदात्या आईपासूनही लपते, याला इलाज नाही.

दादांनी पाठवलेल्या शेवटच्या मनीऑर्डरचे कुपन अजून त्यांच्या पुतण्याकडे आहे. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली बोटभर रुंदीची जागा मजकुरासाठी असायची, तेवढ्यात त्यांनी निळ्या शाईने दोन ओळी दाटून लिहिल्या आहेत: पहिल्या वेचणीचा कापूस घाईने विकू नका, भाव येऊ द्या. आईचा चष्मा करून घ्या. पोस्टाचा शिक्का नोव्हेंबर १९७१ चा आहे. युद्धाचा, सीमेचा, थंडीचा एक शब्द नाही. आमच्या भागातला माणूस घरी पत्र लिहितो ते असेच लिहितो. स्वतःविषयी सांगायचे नसते, पऱ्हाटीविषयी सांगायचे असते.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती गाव जमत असे. विजयाच्या बातमीनंतर गूळ वाटला गेला, तो मीही खाल्ला होता. त्यानंतर तार आली. ती इंग्रजीत होती म्हणून हेडमास्तरांना बोलावले गेले. तारेत दादा पश्चिम आघाडीवर बेपत्ता असून ते मृत झाले असावेत असा अंदाज असल्याचे लिहिले होते. हेडमास्तरांनी आजींना, म्हणजे दादांच्या आईला, पहिला अर्धा भाग वाचून दाखवला आणि पुढचा गिळला. त्यांच्या त्या दयेचा परिणाम पुढे किती वर्षे टिकणार आहे याची कल्पना त्यांना असणे शक्य नव्हते, आणि मला त्यांना दोषही देववत नाही.

काही महिन्यांनी काळ्या पत्र्याची ट्रंक आली. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि क्रमांक. पलटण जवानाचे सामान घरी पाठवते, त्याप्रमाणे आत एक स्वेटर, दाढीचे सामान, घरून गेलेली पत्रे आणि पितळी पेला होता. आजींनी स्वेटर उन्हात टाकला, पुन्हा घडी घालून ठेवला आणि पुढे दर वर्षी पावसाळा संपला की त्याला ऊन देत राहिल्या.

गावाला वाटले होते की कैदी सुटले की उलगडा होईल. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी परत आले. त्यांत फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकरही होते, ज्यांनी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीतून पळ काढला होता आणि अफगाण सीमेच्या तोंडाशी जाऊन जे पकडले गेले होते. आपल्याकडे असलेले सुमारे ९३,००० पाकिस्तानी युद्धकैदी १९७३ च्या दिल्ली करारानंतर टप्प्याटप्प्याने परत गेले आणि १९७४ मध्ये ते काम संपले. दोन्ही बाजूंचे हिशेब मिटल्यासारखे दिसले. परतलेल्यांच्या यादीत दादा नव्हते.

ते एकटेच नव्हते, हे आम्हाला फार उशिरा समजले. १९७९ मध्ये तत्कालीन परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी पाकिस्तानच्या तुरुंगांत असल्याचे मानल्या जाणाऱ्या चाळीस भारतीय सैनिकांची नावे लोकसभेत ठेवली. पुढे ही यादी वाढून ५४ झाली आणि ‘बेपत्ता ५४’ याच नावाने ती ओळखली जाऊ लागली. २०१९ मध्ये संसदेतच दिलेल्या उत्तरात पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे मानले जाणारे बेपत्ता सैनिक आणि युद्धकैदी मिळून ८३ आकडा सांगितला गेला. पाकिस्तानने आपल्याकडे असे कोणीही नसल्याचे वारंवार सांगितले आहे. नातेवाइकांची शिष्टमंडळे १९८३ मध्ये आणि २००७ मध्ये तिकडच्या तुरुंगांपर्यंत जाऊन आली आणि रिकाम्या हातांनी परतली.

ही ५४ नावे म्हणजे नुसती वेडी आशा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी दोन-तीन प्रकरणे तरी पाहावीत. मेजर अशोक सुरी हे आधी युद्धात मृत झाल्याचे जाहीर झाले होते. १९७४ च्या डिसेंबरात त्यांच्या वडिलांच्या हाती मुलाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी पडली आणि १९७५ मध्ये कराचीहून दुसरे पत्र आले. अक्षर तपासले गेले आणि त्यानंतर संरक्षण खात्याने त्यांची नोंद ‘मृत’ याऐवजी ‘बेपत्ता’ अशी बदलली. म्हणजे एकदा मेलेला माणूस कागदावर अर्धा जिवंत झाला. मेजर ए. के. घोष यांचे गजाआडचे छायाचित्र १९७१ च्या डिसेंबरातच ‘टाइम’ साप्ताहिकात छापून आले होते. आणि मराठी वाचकांना आपले वाटावे असे नाव फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ला करताना त्यांचे सुखोई विमान पडले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे देणाऱ्या एका पाकिस्तानी वर्तमानपत्रात ‘टॉम्बे’ असे नाव होते. लग्नाला दोन वर्षेही झालेली नव्हती. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी पुढचे आयुष्य या शोधाला वाहिले.

आमच्या दादांचे नाव त्या ५४ मध्ये नाही. त्यांचे अक्षर पुन्हा कधी आले नाही, छायाचित्र छापले गेले नाही, सुटून आलेल्या कोणी त्यांना पाहिल्याचे सांगितले नाही. प्रत्येक युद्धात अशी माणसे पुष्कळ असतात. १९६२ च्या चीन युद्धाचे सरकारी आकडे १,३८३ ठार, ३,९६८ कैदी आणि १,६९६ बेपत्ता असे आहेत. म्हणजे ठार झालेल्यांपेक्षा बेपत्ता जास्त. त्यांतील बहुतेक बर्फात, दरीत, माघारीच्या वाटेवर संपले असणार, यात कोणाला शंका नाही. परंतु ‘असणार’ हा शब्द घरात घेऊन पन्नास वर्षे काढायची झाली तर काय होते, ते आम्ही शेजारच्या ओसरीवर पाहिले.

कायद्याने या ‘असणार’ला सात वर्षांची मुदत दिली आहे. ज्याच्याविषयी, स्वाभाविकपणे ज्यांना कळले असते अशा माणसांना सात वर्षांत काही कळलेले नाही, तो मृत मानला जातो. पूर्वी भारतीय पुरावा कायद्याचे कलम १०८ होते, आता भारतीय साक्ष अधिनियमात तीच तरतूद आली आहे. मात्र तो नेमका केव्हा मेला हे त्या कलमातून ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आयुर्विम्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे कायदाही माणूस गेल्याचे सांगतो, तिथी सांगत नाही. धर्मशास्त्राची मुदत साधारण बारा वर्षांची. त्यानंतर पालाशविधी सांगितला आहे, ज्यात पळसाच्या ३६० पानांचा किंवा देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पळसाची आमच्या शिवारात काय वानवा? बारा वर्षे झाल्यावर भटजींनी विषय काढला, तेव्हा आजी त्यांना म्हणाल्या, “पानायचा पोरगा जाळू काय मी?” भटजी समंजस होते; त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

सैन्याने त्यांच्या नियमांप्रमाणे दादांना मृत गृहीत धरले होते आणि निवृत्तिवेतनाचे कागद झाले होते. त्यावर आजींचा अंगठाही आहे, पण पैसे घेणे आणि मुलगा मेल्याचे मान्य करणे या त्यांच्या लेखी दोन निराळ्या गोष्टी होत्या. खरी अडचण आली ती सातबाऱ्यावर. आजोबांच्या पश्चात जमीन दोन्ही मुलांच्या नावे लागली होती, म्हणजे खाते सामायिक. दादांचे नाव कमी करून वारसाचा फेरफार घ्यायचा तर तलाठ्यापुढे मृत्यूचा दाखला ठेवावा लागतो. कागद मिळवता आला असता. धाकट्या भावाने दोन वेळा तयारीही केली. आजींनी त्याला बसवून घेतले आणि म्हणाल्या, “कायले काढतं त्याचं नाव? आला तं काय सांगू त्याले?”

या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे नाव तसेच राहिले. पूर्वी ते निभावून जात असे, कारण सोसायटीच्या सचिवाला घराची कथा माहीत होती आणि पीककर्जाच्या कागदावर भावाची सही चालून जायची. सातबारा संगणकावर गेला, कर्जमाफीच्या याद्या आधार क्रमांकाशी जोडल्या गेल्या, आणि १९७१ मध्ये हरवलेल्या माणसाचे आधार कार्ड मागणारा एक रकाना घराच्या वाट्याला आला. आजी तोवर वारल्या होत्या. भावाने तरीही नाव काढले नाही, आणि आता पुतण्याही काढत नाही. तो म्हणतो की आजीला दिलेला शब्द बाबांचा होता, माझा नाही, पण मोडायचा कोणी? त्यापायी त्याला दर जूनमध्ये बँकेत जी रखडपट्टी करावी लागते ती पाहिली, की बेपत्ता जवानाचे स्मरण कोण करते या प्रश्नाचे उत्तर मला भाषणांत शोधावेसे वाटत नाही.

दादांच्या पत्नीविषयी लिहिताना हात आखडतो, पण त्यांना वगळून ही हकिकत सांगणे अन्यायाचे होईल. लग्न होऊन त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. त्या विधवा नव्हत्या म्हणून त्यांचे कुंकू कोणी पुसले नाही, आणि त्या सवाष्ण आहेत असे मनापासून मानणारे आजींखेरीज कोणी नव्हते. हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही यावर बायका कुजबुजत. सात-आठ वर्षांनी त्यांच्या भावाने त्यांना माहेरी नेले आणि पाट लावून दिला. गावाने तोंडे वाकडी केली. माझे मत विचाराल तर त्यांनी योग्य केले, आणि गावाने एवढ्या वर्षांत त्यांना दिले काय होते की त्यांच्याकडून निष्ठा मागावी?

हा पेच किती क्रूर होऊ शकतो हे कारगिलनंतर देशाने पाहिले. १९९९ मध्ये बेपत्ता झालेला उत्तर प्रदेशातील एक जवान सैन्याच्या दप्तरी पळपुटा ठरला होता. तो पाकिस्तानच्या कैदेत आहे हे नंतर उघड झाले आणि २००४ मध्ये तो सुटून आला, तेव्हा त्याच्या पत्नीचा दुसरा विवाह झालेला होता आणि ती गरोदर होती. तिने कोणाकडे राहावे याचा निवाडा पंचायतीने आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांनी मिळून केला. २००६ च्या आरंभी ती तरुण वयातच वारली. या प्रकरणातील ‘पळपुटा’ हा शब्द मला विसरता येत नाही. बेपत्ता माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, म्हणून त्याच्या नावापुढे काय लिहायचे याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर दुप्पट येते.

बर्फाने काही जणांची बाजू मांडली आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे १३ कुमाऊँ या पलटणीची एक कंपनी मेजर शैतान सिंह यांच्या नेतृत्वाखाली लढली. वाचून परत आलेल्या मोजक्या जवानांच्या सांगण्यावर सुरुवातीला पुरता विश्वास बसला नाही. पुढच्या फेब्रुवारीत मेंढपाळाला ते मृतदेह दिसले, हत्यारे हातात असलेले, खंदकांत जागच्या जागी गोठलेले. आणि मग शंका घेणाऱ्यांना बोलायला काही उरले नाही. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहकडे निघालेले हवाई दलाचे एएन-१२ विमान १०२ जणांसह रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. त्याचे अवशेष २००३ मध्ये गिर्यारोहकांना सापडले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे छप्पन्न वर्षांनी, आणखी चार मृतदेह हाती आले. सियाचीनवर मे १९८४ मध्ये हिमस्खलनात गाडले गेलेले १९ कुमाऊँचे लान्स नायक चंद्रशेखर हरबोला २०२२ च्या ऑगस्टमध्ये सापडले. क्रमांक कोरलेल्या धातूच्या बिल्ल्यावरून ओळख पटली. त्यांच्या पत्नीने अडतीस वर्षांनी अंत्यदर्शन घेतले.

समुद्र आणि वाळवंट एवढे प्रामाणिक नसतात. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ बुडालेल्या ‘खुकरी’ या युद्धनौकेवरचे १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक समुद्रातच राहिले. त्यांचे काय झाले हे निदान ठाऊक आहे. २०१६ च्या जुलैमध्ये तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-३२ विमान २९ जणांना घेऊन नाहीसे झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे ३,४०० मीटर खोल समुद्रतळावर त्याचे अवशेष दिसले, ते पाण्याखाली आपोआप फिरणाऱ्या यंत्राने टिपलेल्या छायाचित्रांमुळे. शोध थांबवायचा नाही असे कोणी ठरवले तर साडेसात वर्षांनीही उत्तर मिळते, हे त्यातून दिसते.

असे ठरवणे हे एका माणसाच्या जिद्दीवर सोडायचे की संस्थेवर, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातील बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांनी संघटना बांधून सरकारचा पिच्छा पुरवला आणि आज तिथे या एकाच कामासाठी संरक्षण खात्याची स्वतंत्र यंत्रणा आहे. दर वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी कैदी आणि बेपत्ता सैनिकांचा स्मरणदिन पाळला जातो. दुसऱ्या महायुद्धात चीनला रसद नेताना आपल्या अरुणाचलच्या डोंगरांत पडलेल्या विमानांतील वैमानिकांचे अवशेष शोधायला त्यांची पथके आपल्याच देशात येऊन गेली आहेत आणि २०१६ मध्ये काही अवशेष सन्मानाने मायदेशी गेले. त्या देशाच्या युद्धांविषयी माझी मते फारशी चांगली नाहीत, पण सत्तर वर्षांनी हाडे उचलायला माणसे पाठवण्याच्या या चिकाटीपुढे मी निमूट होतो. आपल्याकडे हे काम आजवर बापांनी, बायकांनी आणि भावांनी अर्ज लिहून केले आहे.

आशेचा धंदाही होतो, हे इथेच सांगून टाकतो. दादांचे गाव शोधत एकदा एक माणूस आला होता. त्याने तिकडच्या तुरुंगात यवतमाळकडचा कैदी पाहिल्याचे सांगितले, खुणा विचारून घेतल्या, त्याच खुणा दुसऱ्या दिवशी परत सांगितल्या आणि कापसाचे आलेले पैसे घेऊन गेला. अशा लोकांना पोलिसांत द्यावे. पण दर चार-दोन वर्षांनी ‘ते अजून जिवंत आहेत’ अशा मथळ्याखाली फोटो फिरवणारे आणि निवडणूक झाली की गप्प बसणारे लोक त्याच्याहून फार वेगळे आहेत, असेही मला वाटत नाही. १९७१ मध्ये पंचविशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या घरात असेल. त्याच्या सुटकेच्या घोषणा देण्यापेक्षा त्याच्या नोंदी पक्क्या करणे अधिक निकडीचे झाले आहे, कारण ज्यांना त्या माहीत आहेत तीही माणसे आता संपत चालली आहेत.

म्हणून शिलाफलकाचा मुद्दा. ‘शहीद’ म्हणून नाव कोरले तर पुतण्याच्या घराने आजवर जपलेली गोष्ट आपण परस्पर निकालात काढतो. नाव कोरलेच नाही तर आणखी वीस वर्षांनी गावात असा माणूस होता हे सांगणारे कोणी राहणार नाही. जे माहीत आहे तेवढेच लिहावे, हा मधला मार्ग मला सरळ वाटतो. मी ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जात मजकूर असा सुचवला आहे: नाव, क्रमांक, पलटण, आणि पुढे ‘१९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर बेपत्ता’. हुतात्मा नाही, अमर रहे नाही. सरपंचबाईंनी तो ठेवून घेतला असून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे आणण्याचे कबूल केले आहे. पुतण्याची संमती मी आधी घेतली. त्याने मजकूर दोनदा वाचला आणि ‘बेपत्ता’ शब्द राहू द्या म्हणाला, पण ‘पश्चिम आघाडीवर’ ऐवजी नेमके ठिकाण मिळते का पाहा, असे त्याने सुचवले.

त्यासाठी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवायचे आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत ते जाते. अडचण क्रमांकाची आहे. ट्रंकेवरचा एक आकडा गंजाने गेला आहे आणि मनीऑर्डरच्या कुपनावर तो तीनही वाटतो नि आठही. आजींच्या निवृत्तिवेतनाचे जुने पुस्तक त्यांच्या लेकीच्या घरी, दिग्रसला असावे असे पुतण्या म्हणतो. पोळा झाला की आम्ही दोघे तिकडे जाऊन येणार आहोत. तालुक्यातील ज्या घरांत असा जवान असेल त्यांनी आपल्याकडची पत्रे, पाकिटे, तार आणि ट्रंकेचे झाकण यांचे फोटो आताच काढून ठेवावेत, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्काही दिसेल असे. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचे असेल तर शेवटची सुटी केव्हा झाली होती, एवढे तरी त्यांना विचारून लिहून घ्यावे.